चार स्पीकरांच्या मधली खुर्ची

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय महादेवरावजी, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, मंडळाचे आजी-माजी कलावंत, पडद्यामागची माझी माणसं आणि समोर बसलेल्या नागपूरकर रसिकहो,

इतकी वर्षं मी याच सभागृहात मागच्या उजव्या कोपऱ्यात टेपरेकॉर्डरपाशी बसलो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी पाठमोरेच ओळखतो. चेहरे आज पहिल्यांदा नीट पाहतो आहे, म्हणून थोडा अडखळलो तर समजून घ्या.

महादेवरावजींनी आत्ता शाल घातली आणि त्याच दमात जाहीर करून टाकलं की पुढच्या राज्य स्पर्धेच्या नाटकाचा आवाजही चंद्रभानजीच करतील, निरोप आपला नावापुरता. तुम्ही टाळ्याही वाजवल्या. त्याचं उत्तर मला द्यायचं आहे. पण अध्यक्षांच्या परवानगीने जरा लांबून येतो.

मंडळाने चार ट्रॅकचा टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा लोक विचारायचे, एवढ्या मशीनवर गाणी ऐकणार का? गाणी कसली! एकाच टेपवर चार आवाज शेजारी शेजारी चालतात आणि सभागृहाच्या चार कोपऱ्यांतल्या चार स्पीकरांतून निरनिराळे निघतात. त्यासाठी प्रत्येक आवाज आधी सुटा तयार करावा लागतो. नरखेडकडचा विहिरीवरचा पंप, संत्र्याच्या बागेतला वारा, एसटी. ब्लेडने टेप कापायची, जोडायची, कोणता आवाज किती मोठा ते ठरवायचं आणि मग सगळे मुख्य टेपवर उतरवायचे. एकदा उतरले की फेरफार नाही. आपली एसटी पहिल्यांदा मागच्या कोपऱ्यातून निघून रंगमंचाकडे गेली, तेव्हा कडेला बसलेल्या गणपतरावांनी पाय आखडून घेतले होते. गणपतराव, खोटं असेल तर सांगा.

पण चारही आवाज सारखे पोचतात की नाही, हे कुठे कळतं? मशीनपाशी नाही. माझ्या खांद्याशी मागचा उजवा स्पीकर, मला काय समजणार? ते कळतं सभागृहाच्या बरोबर मधल्या खुर्चीवर. नटमंडळींना तिथे बसवावं तर ती पाच मिनिटांत चहाला पळतात. म्हणून तिथे माझी पत्नी गोपिका बसायची. डावीकडचा आवाज कमी वाटला की डावा हात वर, उजवीकडचा कमी वाटला की उजवा. मी मागून तिचा हात पाहायचो आणि बटन फिरवायचो.

चौऱ्याऐंशीच्या स्पर्धेत काय झालं, ते आठवत असेल. सगळा वारा डावीकडून आला. डावीकडचा पंप असा धडधडला की नायिकेचं रडणं त्यात बुडालं. परीक्षकांनी विचारलं, तुमची बाग एकाच बाजूला आहे काय? आपण स्पीकर उघडून पाहिले, तारा तपासल्या. दोष कुठेच नव्हता. टेपच तशी तयार झाली होती. तयारीच्या दिवसांत गोपिकेचा डावा हात खाली येत नव्हता आणि मी डावीकडचा आवाज वाढवत गेलो होतो.

घरी आल्यावर तिला विचारलं. ती भाजी निवडत होती. वर न पाहता म्हणाली, “डाव्या कानानं मले सालभरापासून आयकू येत नाही.”

मग सांगितलं काहून नाही, असं मी विचारलं. तेव्हा म्हणाली, “सांगतलं असतं तर तुमी मले त्या खुर्चीवर बसवलं असतं का? घरी तर तुमच्या कानाले ते हेडफोन. तिथं बसली का तेवढा वेळ तरी तुमी माह्याकडं पाहून राह्यता.”

रसिकहो, एका घरात आम्ही जन्म काढला आणि ती त्या घरात एकटी होती. मला पत्ताच नव्हता.

आता तिचा उजवा कानही गेला. डॉक्टर झाले, कानाला यंत्र लावून झालं. मुलगी भिवापूरला दिलेली, घरात आम्ही दोघंच. मी बोलतो आणि मीच ऐकतो. रेडिओ लावतो आणि तिच्याकडे पाहून बंद करतो. फार एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? मात्र तिच्या समोर बसलं, तिला तोंड दिसू दिलं, तर ओठांवरून तिला बरंच समजतं. मागून हाक मारून उपयोग नाही, शेजारी बसूनही नाही. समोरच बसावं लागतं.

म्हणून महादेवरावजी, तुमच्या प्रेमाला मी हात जोडून नाही म्हणतो. तालमी सुरू झाल्या की माणूस महिना महिना हेडफोनमध्ये असतो. ते आता माझ्याच्याने होणार नाही.

मंडळाने मला घरच्यासारखं वागवलं, त्याबद्दल सगळ्यांचा मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, किंवा चारचौघांत घरचं गाऱ्हाणं मांडलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि अल्पोपाहाराला मी थांबत नाही, त्याचाही राग मानू नका. दार वाजवलेलं तिला ऐकू येत नाही, म्हणून मी बाहेर पडलो की ती दार उघडं टाकून त्याच्याकडे तोंड करून बसते. मी दिसेपर्यंत ती जागची उठत नाही.