पंधरा कोटी किलोमीटर

शारजाच्या रोल्ला भागात, बसच्या रांगेत, माझ्यापुढे कोकणातले दोन कामगार उभे होते.

"वहिनी गेल्या त्याला महिना झाला. लेकीशी बोललास काय, केरू?"

"काल बोललो. शाळेतला सूर्याचा धडा वाचून दाखवत होती."

"काय म्हणते?"

"म्हणते, सूर्य जरा जवळ असता तर आपण जळलो असतो, लांब असता तर गोठलो असतो. भात, आंबे, माणसं, सगळी त्याच्यावर जगतात."

"हुशार आहे पोर."

"मग म्हणाली, 'बाबा, तो पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे, तरी रोज येतो. आई गेली तरी तुम्ही आला नाहीत.'"

"रजा मिळाली नाय, असं सांगायचंस."

"नाय सांगितलं."

"मग?"

"आवाज येत नाय म्हणालो, आणि फोन ठेवला."