पहिलं नाव आपलं

(जून २००३, गुरुवारची संध्याकाळ. दुबईहून शारजाकडे जाणारा रस्ता गाड्यांनी तुंबलेला. गुणवंत गाडी चालवतोय, शेजारी इद्रीस.)

इद्रीस : ...आणि मोहिद्दीनला विसरलात? चौऱ्याण्णवचा आपला फर्स्ट पिक!

गुणवंत : त्याला कसा विसरेन. ट्रायलला वाळूत अनवाणी असा पळाला की बाकीचे पाच कॅप्टन माझ्याकडे खाऊ की गिळू असे बघत होते. मला वाटलं, लॉटरी लागली.

इद्रीस : मग पहिल्या मॅचला बूट घातले.

गुणवंत : बूट घातले आणि बदक झालं त्याचं. जन्मभर मलप्पुरमला अनवाणी खेळलेला माणूस. बाबा रे, बुटात खेळतोस का, हे विचारायचं आपल्याला सुचलंच नाही.

इद्रीस : मी रेफ्रीला किती बोललो, हबीबी, इसको बिना जूता खेलने दो. तर म्हणाला, रूल इज रूल.

गुणवंत : दोन महिन्यांत तो फोर्कलिफ्ट शिकला. उत्तम चालवतो अजून.

इद्रीस : आणि तुमचा पुण्याचा सुजीत?

गुणवंत : माझा म्हणू नकोस. तूच माझ्या कानात ओरडलास, याचंच नाव घ्या म्हणून.

इद्रीस : दोन मॅचमध्ये तीन गोल मारले होते पोराने!

गुणवंत : आणि तिसऱ्या शुक्रवारी बायको आली पुण्याहून. चौथ्या शुक्रवारी फोन केला, अरे मॅच सुरू होतेय, कुठे आहेस? तर म्हणाला, "काका, आज भरीत केलंय घरी."

इद्रीस : तौबा.

गुणवंत : मी काय बोलणार? मलाही भूक लागली.

इद्रीस : हसवू नका. सहा वेअरहाऊस, सहा टीम, त्यात आपण सहावे आलो. लाज वाटली पाहिजे.

गुणवंत : लाज कसली? शेवटचा येईल त्याने सगळ्यांच्या आधी नाव घ्यायचं, हा नियम कुणी केला? तूच. वर्षभर मार खायचा आणि बक्षीस म्हणून पहिला माणूस निवडायचा. चार वेळा मिळालंय आपल्याला हे बक्षीस. मला आता कंटाळा आलाय, इद्रीस. खरंच आलाय.

इद्रीस : आजच्या दिवस नका येऊ देऊ. आज रोल्लाला हॉटेलात टीम निवडायला वर गेलो की बसायच्या आधी नाव घ्यायचं. हम्माद इद्रीस. खलास. मग चहा.

गुणवंत : तो मंगलोरचा गोलकीपर बघितलास तू शुक्रवारी?

इद्रीस : बघितला. उंच आहे.

गुणवंत : उंच आहे, हात चांगले आहेत. गेल्या सीझनला आपण एकतीस गोल खाल्ले.

इद्रीस : गुणवंतभाऊ, तुम्ही गोलकीपरचं काय काढलंत मध्येच? आपलं बोलणं झालेलं आहे. मुदीर स्वतः म्हणाला ऑफिसात, तुम्ही समोर होतात. तुमच्या फर्स्ट पिकला मी कंपनीचा व्हिसा देतो, स्टोअरमध्ये लावतो. एवढा मॅनेजर माणूस सगळ्यांसमोर बोलला.

गुणवंत : बोलला खरा.

इद्रीस : हम्मादला अठरा पुरी झाली. माझ्या व्हिसावर अजून दोन महिने, मग मुलगा म्हणून त्याला ठेवता येत नाही मला. दुसऱ्या नंबरला दुसरी टीम उचलेल त्याला, पण व्हिसा फक्त आपला मुदीर देतोय. आज पहिलं नाव त्याचं आलं तर पोरगा घरात राहतो. नाही आलं तर इथून जातो. एवढीच गोष्ट आहे.

गुणवंत : लियाकत आठवतो?

इद्रीस : आज नको.

गुणवंत : अठ्ठ्याण्णव. चिपळूणचा. आपण घेतलेल्यांत खरा खेळणारा तेवढा एकच. त्यालाही मुदीरने असाच व्हिसा दिला होता, सगळ्यांसमोर.

इद्रीस : त्याचा गुडघा गेला. नशीब त्याचं.

गुणवंत : गुडघा नोव्हेंबरात गेला आणि डिसेंबरात व्हिसा कॅन्सल. स्टोअरमध्ये तो काम बरं करत होता. कुणी विचारलं नाही, तू नाहीस आणि मीही नाही. विमानतळावर कोण गेलं होतं सोडायला?

इद्रीस : मी गेलो होतो. लंगडत आत गेला. ट्रॉली मला ढकलू देईना.

गुणवंत : फुटबॉलवर मिळालेली नोकरी फुटबॉलबरोबर जाते.

इद्रीस : माझी गेली का? नव्वद साली, हा नियम यायच्या आधी, तुमचा पहिला नंबर मीच होतो ना? दाभोळचा इद्रीस, डाव्या बाजूने सुटला की कुणाला सापडत नाही. तुम्हीच म्हणायचात. दोन सीझनमध्ये माझा घोटा गेला, तरी आहे की मी इथे. पत्ते वाचता येत होते मला खोक्यांवरचे, म्हणून राहिलो. तेरा वर्षं झाली.

गुणवंत : तुझ्यासारखा परत मिळाला नाही आपल्याला.

इद्रीस : तेच म्हणतोय मी! माझंच रक्त आहे. घ्या त्याला.

गुणवंत : इद्रीस, हम्माद माझ्याकडे आला होता.

इद्रीस : कधी?

गुणवंत : गेल्या शुक्रवारी, ट्रायल झाल्यावर. तू पाण्याच्या बाटल्या गोळा करत होतास. गाडीपाशी येऊन म्हणाला, "अंकल, प्लीज डोन्ट पिक मी."

इद्रीस : थट्टा केली असेल.

गुणवंत : नाही. मी म्हटलं, का रे, चांगला खेळतोस की. तर म्हणाला, "आय ॲम ओके ओन्ली, अंकल. यू नो इट. एव्हरीबडी नोज. ओन्ली अब्बा..." त्याला पुण्याला कॉलेजात जागा मिळालीय. मायक्रोबायॉलॉजी. पंधरा जुलैला सुरू होतंय.

इद्रीस : पुण्याला? अर्ज कधी केला त्याने? माझ्याकडे तर काही पत्र आलं नाही.

गुणवंत : तुझा पीओ बॉक्स म्हणजे कंपनीचा. तिथलं टपाल तूच वाटतोस. म्हणून त्याने शोभनाच्या ऑफिसचा बॉक्स दिला.

इद्रीस : वहिनींनाही माहीत आहे?

गुणवंत : पत्र तिनेच आणलं.

इद्रीस : आणि त्याच्या अम्मीला, रुकय्याला?

गुणवंत : तू रागावू नकोस तिच्यावर.

इद्रीस : म्हणजे तिलाही. गाडी थांबवा.

गुणवंत : थांबलेलीच आहे. पाऊण तास थांबलेली आहे.

इद्रीस : मी चालत जातो.

गुणवंत : या उकाड्यात? बस. शिव्या दे मला, पण बसून दे.

इद्रीस : माझ्या घरातली गोष्ट अख्ख्या शारजाला माहीत, आणि मी मुदीरच्या केबिनबाहेर चार दिवस उभा! त्या सेक्रेटरीने दोनदा विचारलं, तुझं काय काम आहे? मी म्हटलं, मुलाचं काम आहे. मुलाचं काम! बाप म्हणजे काय हो मी, फालतू माणूस?

गुणवंत : तू फालतू असतास तर तो तुला घाबरला नसता.

इद्रीस : घाबरतो? मला? मी हात लावला नाही कधी त्याला.

गुणवंत : मारशील म्हणून नाही घाबरत. तुला वाईट वाटेल म्हणून घाबरतो. त्याच्या शाळेच्या मॅचला तू टचलाईनवर उभा असतोस ना, तो बॉल लागला की तुझ्याकडे बघतो. मी तीन वर्षं बघतोय. मी आधी बोलायला हवं होतं. जमलं नाही.

इद्रीस : आज एवढी जुनी नावं काढलीत ती याच्यासाठी?

गुणवंत : हो. सुरुवात कुठून करावी, तेच कळेना.

इद्रीस : (गाड्या सरकू लागल्यावर) नव्वदला अब्बांनी माझ्या हातात पासपोर्ट ठेवला. शिक्का मारलेला. जायचं का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही म्हटलं नाही, की विचारा. आणि मी वाईट नाही राहिलो इथे, गुणवंतभाऊ. खोटं कशाला बोलू. म्हणून मला वाटलं, त्याचंही तसंच होईल.

गुणवंत : होईलही. तुझं खोटं नाही.

इद्रीस : पण तो ओके आहे फक्त. नाही?

गुणवंत : खेळतो बरा.

इद्रीस : नीट सांगा.

गुणवंत : पळतो खूप. बॉल पायात राहत नाही.

इद्रीस : हं. मला दिसतं ते. अल्ला कसम, दिसतं. मी म्हणायचो, वाऱ्यामुळे असेल.

गुणवंत : आलं बघ रोल्ला. गाडी कुठे लावू?

इद्रीस : मागे, बँकेच्या गल्लीत. वर गेल्यावर गोलकीपरचं नाव तुम्ही घ्या. मी बाजूला बसतो. कुणी हम्मादचं विचारलं तर सांगा, त्याचं ॲडमिशन झालंय.

गुणवंत : हम्मादला सांगू का, तुला कळलं म्हणून?

इद्रीस : नको. त्याच्या तोंडून ऐकू दे मला. घरी गेल्यावर मी काही विचारणार नाही, नुसता बसून राहीन. सांगेल तो. सांगेल ना?

गुणवंत : सांगेल.

इद्रीस : तुमची अवनी गेली पुण्याला शिकायला, त्याला दोन वर्षं झाली ना? सुरुवातीला काय करायचात तुम्ही, संध्याकाळी घरी आल्यावर?

गुणवंत : टीव्ही लावायचो. बघत कुणी नव्हतं.