मास्क टाकून धरलेली जागा

(कारंजा घाडगेचा बसस्टँड, मार्च २०२१, सकाळ. वर्ध्याच्या एसटीत बावीसच माणसं घ्यायचा नियम आहे आणि एकवीस बसलेली आहेत. कंडक्टर वर्षाली तिकीट फाडता फाडता पुढच्या सीटपाशी थांबली आहे.)

रूपराव : मी बी तेच सांगून राह्यलो मॅडम. पहिले जागा कोनी धरली? मी धरली. गाडी लागली का नाही लागली, तवाच खिडकीतून टाकला.

वर्षाली : काय टाकलं?

रूपराव : मास्क. रुमाल घरी राह्यला, तं मास्क टाकला. धरली म्हनजे धरली. अन् ह्या वहिनी येऊन बसल्या.

कोकिळा : मी त्याच्यावर नाही बसली. बाजूनं बसली. तुहा मास्क तिकडं खाली पडला, पाहून घे.

वर्षाली : एक मिनिट काका. जागा धरायले तुम्ही तोंडावरचा मास्क काढून टाकला?

रूपराव : मंग काय चप्पल टाकू?

वर्षाली : नऊ वर्षं झाली मले कंडक्टर होऊन. टोपी पाहिली, दुपट्टा पाहिला, एकानं तं भाजीचं गाठोडं टाकलतं. हे पहिल्यांदा पाहून राह्यली. मास्क सीटवर अन् मानूस उघडा.

रूपराव : हासू नका. ह्या स्टँडचा कायदा हाये, ज्याचा कपडा त्याची जागा. मास्क बी कपडाच हाये.

वर्षाली : त्या कायद्यानं तुमचा मास्क वर्ध्याले जाऊ शकते. तुम्ही नाही. मास्क लावा अन् मागं बसा, तिथं एक जागा खाली हाये.

रूपराव : मागं? चाकावर? पाटलाच्या घरचा मानूस चाकावर बसंन? वहिनीले पाठवा मागं.

कोकिळा : मले मागं जमत नाही बाई. धक्के बसते. हातावर डायलिसिसची नस काढली हाये, हे पाहा. अकरा वाजता सावंगीच्या दवाखान्यात माहा नंबर हाये. पोचली नाही तं मशीनवर दुसऱ्याले घेते, मंग मी उद्या. उद्यापर्यंत अंगात पानी भरते, आडवं झोपता येत नाही, दम कोंडते.

वर्षाली : तुम्ही बसा मावशी, हलू नका. काका, मास्क.

रूपराव : लावतो ना. कुठं पडला... हे काय हाये?

कोकिळा : खर्रा हाये, तंबाखू-सुपारीचा. थुकला कोनीतरी.

रूपराव : गाडीत थुकते? काही अक्कल हाये का नाही लोकाईले?

कोकिळा : तुह्या गालफडात काय हाये मंग? प्रसाद?

रूपराव : मी गाडीत नाही थुकत.

वर्षाली : काका, तो मास्क आता उचलू नका. दुसरा हाये काय जवळ?

रूपराव : एक मानूस किती मास्क घेऊन हिंडंन? चाला आता. कोरोना-फिरोना खतम झाला. अन् मी सुई घेतली परवाच. आमच्या गावात पहिला नंबर होता माहा.

वर्षाली : परवा सुई घेतली अन् आज मोकळे झाले. वा. समोर मेडिकल हाये, उतरा, घेऊन या. थांबते मी.

रूपराव : मी उतरलो का तुम्ही घंटी मारसान. मले शिकवता काय? मी उतरत नाही.

वर्षाली : मंग गाडी निघत नाही. साडेआठची गाडी हाये, पावणेनऊ झाले. ड्रायव्हरसाहेब तिकडं चहा पिऊन राह्यले, त्याईले काही घाई नाही. मले बी नाही.

कोकिळा : मले हाये बाई.

रूपराव : पाहा. वहिनीले तरास होऊन राह्यला तुमच्यानं.

कोकिळा : माह्या तरासाचं नाव तू घेऊ नको रूपराव.

रूपराव : झालं सुरू.

वर्षाली : तुम्ही ओळखता काय एकमेकाले?

कोकिळा : दीर हाये माहा. सख्खा. आंगनाले आंगन लागून घर हाये. मी लग्न होऊन आली तवा ह्याचं नाक मी पुसत होती.

रूपराव : घरच्या गोष्टी गाडीत नका काढू वहिनी.

कोकिळा : नाक उघडं घेऊन तूच गाडीत आला. ऐक बाई. मागच्या पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी आमचे हे गेले. घरीच. सकाळी दम लागला, जेवनाच्या वक्ताले सरले. मयत आंगनात अन् मी एकटी. पोरगा, अनुप, पुन्याले अडकलता. हा सख्खा भाऊ. आला, नाही म्हनत नाही मी. कुठवर आला? गोठ्याच्या कोपऱ्यावर. तिथून म्हनते, वहिनी, मी इथूनच पाया पडतो.

रूपराव : तवा कोनाले काय माहीत होतं? सारं गाव घाबरलं होतं. सरकारच म्हने, दूर राहा.

कोकिळा : घाबरला त्याचं मले काही नाही. मी बी घाबरलती. पन त्या दिवशी तुह्या तोंडावर दोन मास्क होते, अन् वरून दुपट्ट्याच्या चार घड्या. भावाच्या मयतीले दोन मास्क, अन् खिडकीच्या जागेपायी एक बी नाही.

रूपराव : तो टाइम वेगळा होता.

कोकिळा : नगरपंचायतीचे दोघं आले, प्लास्टिकचे कपडे घालून. ना नात्याचे ना गोत्याचे. त्याईनं उचललं. उचलायच्या आधी मले विचारलं, बाई, घरचं कोनी हाये काय? मी म्हटलं, नाही. हा कोपऱ्यावर उभा राहून ऐकत होता.

रूपराव : मॅडम, मारा घंटी. मी बाही धरतो तोंडावर.

वर्षाली : बाही दोन तास धरान काय? खोकला आला का पहिले बाहीच सुटते. कोनाजवळ जास्तीचा मास्क हाये काय हो? ...कोनी मान वर करून नाही राह्यलं काका.

कोकिळा : माह्याजवळ हाये. अनुपनं अख्खं पाकीट देल्लं. डॉक्टर म्हनते, आजी, तुमाले झाला तं आमच्याच्यानं काही होनार नाही.

रूपराव : हाये तं इतक्या वेळचं काऊन नाही देल्ला?

कोकिळा : तू मास्क कुठं मांगतला? तू जागा मांगत होता.

रूपराव : द्या मंग.

कोकिळा : पहिले खाली उतरून तोंड धुऊन ये. घंटी नाही मारत ती, मी सांगते. ...आला? आता धर. माह्या हाताले हात लावू नको, दोरीले धर. अन् तुह्यासाठी नाही देऊन राह्यली मी. गाडी निघाली पाह्यजे म्हनून देऊन राह्यली.

वर्षाली : नाकावर घ्या काका. हनुवटीले कोरोना होत नाही.

रूपराव : घेतला. झालं समाधान?

वर्षाली : तिकीट घेतलं का होईन. कुठं जाता?

रूपराव : वर्धा. पोराच्या, अंकुशच्या लग्नाचा बस्ता घ्या लागते.

कोकिळा : लग्न हाये काय अंकुशचं?

रूपराव : पत्रिका छापून यायच्या हायेत वहिनी. आल्या का पहिली तुमच्याच घरी येईन.

कोकिळा : आंगनाले आंगन लागून हाये. तोंडानं सांगायले पत्रिका कायले लागते?

वर्षाली : काका, मागं जा. अन् तिथली खिडकी उघडी ठेवजा, थंडी वाजली तरी. मावशी, अकराच्या आत पोचवते तुमाले, ड्रायव्हरसाहेबाले सांगते मी.

रूपराव : जातो मॅडम. वहिनी, सोबत कोनी नाही काय तुमच्या?

कोकिळा : नाही. हप्त्यातून तीन खेपा होते. कोन येईन?

रूपराव : मी येऊ काय सावंगीले? बस्ता काय, दुपारून बी होते.

कोकिळा : येजो. आतमधी नाही घेत कोनाले, चार तास बाहेरच उभं राहा लागते. तुले सवय हाये.