ओळीबाहेरचा शिपाई

अनुपमा : पण काका, पाण्याच्या टाकीसाठी ग्रामपंचायतीनं दिलेल्या मोजणीच्या अर्जात तर 'पडीत, मोकळी जागा' असं लिहिलंय. इथं समाध्या आहेत, हे आमच्या ऑफिसला कुणी कळवलंच नाही.

कचरू : कळवाले आदी दिसल्या पायजे ना, मॅडम. कमरेएवढं टरोट्याचं गवत होतं इथं. मी अन् ह्या अन्नपूर्णा वयनी, आठ दिवसांपासून साफ करून राह्यलो. आता मोजा. अठरा दगड. सारे पल्टनीतले. लढाईवरून जिते आले, घरी म्हातारे होऊन मेले, इथं गाडले.

अनुपमा : कुठल्या लढाईवरून?

कचरू : पाच जन पह्यल्या महायुद्धातले. बाकी दुसऱ्यातले. हा पुढचा दगड माझ्या बापाचा, सुभेदार मोतीराम. मी खुद सतरा वर्षं फौजेत होतो. हवालदार म्हणून रिटायर झालो.

अन्नपूर्णाबाई : आमच्या लोकाईत आदी गाडतच होते, बाई. बुद्ध झालो तवापासून अग्नी देतेत. पन हे पल्टनवाले म्हातारे अडून बसत. म्हनत, आमाले आमच्या गड्याईजवयच ठेवा. ते सरले, मंग इकडं कोनी फिरकलं नाई.

अनुपमा : ठीक आहे. जागेवर जे दिसतं, ते मला नकाशात दाखवावंच लागतं. दफनभूमी म्हणून हद्द आखते. पाण्याची टाकी उरलेल्या जागेत.

कचरू : टाकी पायजेच. तहान आमालेही लागते. सरपंचाशी, भगवंतरावाशी बोलनं झालं माझं. ते म्हणे, लिंबाच्या झाडापासून सरळ रेघ मारा. अलीकडं तुमचे शिपाई, पलीकडं टाकी. म्या शब्द देल्ला.

अनुपमा : आणि लिंबाच्या पलीकडे तो एक दगड दिसतोय तो? बोरीच्या झुडपात?

कचरू : तो लाईनीत नाई.

अनुपमा : लाईनीत नाही म्हणजे? समाधी आहे की नाही?

कचरू : तुमी लिंबापासून धरा, मॅडम.

अन्नपूर्णाबाई : हाय, समाधीच हाय ती. माह्या सासऱ्याची. नारायन नाव त्याईचं.

अनुपमा : ते फौजेत नव्हते का?

अन्नपूर्णाबाई : होते ना. बर्मात होते, याईच्या वडिलासंगंच.

कचरू : वयनी, राहू द्या.

अन्नपूर्णाबाई : काऊन राहू देऊ? बाई विचारून राह्यली. लढाईच्या मोर्चावरून पयाले होते ते, बाई. म्हनून त्याईले इथं जागा नाई भेटली. चौऱ्याहत्तर साली वारले. तिरडी इथवर आनली, तं सुभेदारानं काठी आडवी धरली. म्हने, पयपुट्याची माती इथं नाई पडू देनार. वरून उन्हाचा तडाखा. माह्या नवऱ्यानं हात जोडले, पाय धरले. शेवटी तिकडं बोरीखाली नेलं.

अनुपमा : आजी, आणि तरी आठ दिवस तुम्ही या सगळ्यांचं गवत काढताय?

अन्नपूर्णाबाई : अठरा मानसं हायेत. त्याईनं माह्यं काय वाकडं केलं? आदी हे वाचले पायजे. अन् म्या तोंड उघडलं असतं, तं कचरूभाऊनं हातातला गवत कापाचा विया टाकून देल्ला असता.

कचरू : नसता टाकला.

अन्नपूर्णाबाई : टाकला असता. परवा म्या नुसतं तिकडं पाह्यलं, तं तुमी पाठ फिरवली.

कचरू : बापाचा हुकूम होता तो, वयनी. अन् ते पळाले नव्हते काय? सांगा.

अन्नपूर्णाबाई : पयाले. मले सोता सांगतलं त्याईनं. माह्या लग्नाले वर्षही नव्हतं झालं. बाजूचा गडी बॉम्बनं उडाला, म्हने, अन् पाय आपोआपच पयाले. तीन दिवस बांबूच्या बनात बसले. चवथ्या दिवशी आपल्या पायानं वापस गेले. सजा भोगली. मंग लढाई सरेपर्यंत तिथंच होते. पयाल्याचं साऱ्या गावाले मालूम हाय, कचरूभाऊ. वापस गेल्याचं कोनाले मालूम नाई.

कचरू : बापानं मले हे सांगतलं नाई.

अन्नपूर्णाबाई : एकाच कंपनीत होते दोघं. मालूम होतं त्याईले.

(कचरू बोरीच्या झुडपापर्यंत जातो. तिथला दगड पाहून परत येतो.)

अनुपमा : काका, बसता का जरा? पाणी देऊ?

कचरू : नको. मॅडम, मी एकाहत्तरची लढाई लढलो. असं गाव म्हणते.

अनुपमा : म्हणजे?

कचरू : सकाळचा टाईम होता. हुकूम झाला, आगे बढो. माझे पाय उठलेच नाई. खंदकातच बसून राह्यलो. किती वेळ, ते मालूम नाई. बाजूले कोनी नव्हतं, म्हणून कोनी पाह्यलं नाई. मंग उठलो, गेलो. घरी आलो, तं बापानं हार घालून गावभर मिरवलं मले.

अन्नपूर्णाबाई : भाऊ...

कचरू : थांबा, सांगू द्या. चौऱ्याहत्तर साली मी छुट्टीवर होतो. बापानं काठी आडवी धरली, तवा मी त्याच्या मागंच उभा होतो. वाटलं, बोलावं. नाई बोललो.

अन्नपूर्णाबाई : मले दिसले होते तुमी.

कचरू : मॅडम, तो दगड आत घेतला तं रेघ कुठून जाते?

अनुपमा : चौदा मीटर पुढं सरकेल. टाकी ओढ्याकडं जाईल. पण काका, पंच म्हणून सही तुमची आहे, आणि सरपंचांना तुम्ही शब्द दिलाय. ते बिथरले तर अठरांचंही अडेल.

अन्नपूर्णाबाई : तसं असन तं राहू द्या, कचरूभाऊ. एका मानसापायी साऱ्याईले कायले अडचनीत टाकता?

कचरू : तुमी चूप बसा, वयनी. आठ दिवस तुमी चूप होत्या, अजून जरा बसा. फोन लावतो... हॅलो, भगवंतराव? कचरू बोलून राह्यलो. मोजनी चालू हाय. रेघ लिंबावरून नाई भेटत... हो, शब्द देल्ला होता. तो वापस घेतो... अठरा नाई, एकोनीस हायेत... ओढ्याकडं सरकवा टाकी, तिकडंही उंचवटा हाय... नाई, त्याबिगर माझी सही नाई होत... कोनाची? नारायनबुवाची... हो, तेच... बरं. येतो मी.

अन्नपूर्णाबाई : काय म्हने?

कचरू : चिडला. म्हणे, जागा बदलाची असन तं ग्रामसभा घ्या लागन. अन् सभेत लोक मले विचारतीन, तुह्या बापानं ज्याले बाहेर काढलं, त्याले आत काऊन घेतो? त्याचं उत्तर मले उभं राहून द्या लागन.

अन्नपूर्णाबाई : काय सांगसान मंग?

कचरू : बाप चुकला, असं सांगीन. अन् खंदकाचंही सांगीन.

अन्नपूर्णाबाई : खंदकाचं कायले सांगता? या वयात, साऱ्या गावासमोर? तुमची नातवंडं असतीन तिथं.

कचरू : असू दे. नुसतं बाप चुकला म्हटलं, तं मी सुटतो. मले सुटाचं नाई आता. मॅडम, मशीन उचला, चला तिकडं. काटे हायेत, पाय जपा.

अनुपमा : थांबा, वाट तर करू द्या... हां, आता दिसतोय. यावर काहीच कोरलेलं नाही.

अन्नपूर्णाबाई : कोन कोरनार होतं, बाई.

अनुपमा : पंचनाम्यात प्रत्येक समाधीसमोर नाव आणि हुद्दा लिहायचाय. नाव नारायण. हुद्दा?

अन्नपूर्णाबाई : हुद्दा राहू द्या. नुसतं नाव लिहा.

कचरू : काऊन राहू द्या? शिपाई लिहा.