सावकाश चालवलेली गाडी

तो : ...आणि दुसरा गिअर जरा त्रास देतो, काकू. थंडीत जास्तच.

ती : कधी दिला त्रास?

तो : तू चालवतेस कुठे? मला माहीत आहे ना.

ती : काकू, गिअरला काही झालेलं नाही. नुकतीच सर्व्हिसिंग केलीय.

बाई : अहो, गाडी विकायला आलाय की तिला नावं ठेवायला? माझं औषधाचं दुकान आहे. मी कडूजहर औषधसुद्धा ‘चवीला बरं आहे हो’ म्हणून देते. तुम्ही भलतेच दुकानदार!

तो : नंतर तुम्हाला वाटायला नको ना, फसवलं म्हणून.

बाई : नाही वाटणार. मला उंच गाडी हवी होती, ती ही आहे. आमच्या ह्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. आत्ताच्या गाडीत बसायचं म्हणजे जमिनीवर मांडी घालायची, आणि उतरताना ओढायला मी आणि शेजारी. बरं, उंच हवी पण लांबलचक नको. आमची गल्ली इतकी चिंचोळी, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने मागे जायचं. ही अगदी बेताची आहे.

तो : डिकी लहान पडेल. मागचं दार वाजतं. आणि एकदा ठोकलीय पण.

ती : ठोकलेली नाही. फाटकाला घासली होती. हा बघा काकू, एवढाच ओरखडा.

तो : आतून पत्रा...

ती : आतून पत्र्याला काहीही झालेलं नाही. पुरे आता.

बाई : बरं, बरं. पण इथं पेट्रोल पंपावर का बोलावलंत? मला वाटलं घरी बोलावाल.

तो : घरी पसारा आहे.

बाई : पसाऱ्याला कोण घाबरतंय? माझ्या वडिलांचा नियम होता. वापरलेली वस्तू घ्यायची तर आधी वापरणारी माणसं बघायची. माझ्यासाठी शिलाई मशीन घेतलं तेव्हा त्या घरी जाऊन तासभर गप्पा मारत बसले. मशीनकडे ढुंकूनही बघितलं नाही. येताना म्हणाले, माणसं नीटनेटकी आहेत, घेऊन टाक. अजून चालतंय ते मशीन.

ती : मेकॅनिक येऊन गेला ना तुमचा काल?

बाई : आला होता. तो म्हणाला, डोळे मिटून घ्या. पण त्याने लोखंड बघितलं. आता घर नाही तर गाडीत तरी तुम्हाला बघू द्या. नेहमी बसता तसे दोघं पुढे बसा, मी मागे बसते. एक फेरी मारून येऊ.

ती : मी कशाला? हा नेईल तुम्हाला.

बाई : तुम्ही नाही का बसत नेहमी?

तो : बसते की. बस ना. एकच फेरी.

ती : चल.

बाई : आहाहा! चढावं लागलं नाही की वाकावं लागलं नाही. हे इथं अगदी राजासारखे बसतील. फक्त गप्प बसले पाहिजेत. मी गाडी चालवते आणि हे शेजारी बसून रिकाम्या जागेवर ब्रेक दाबतात.

ती : डावीकडून सायकल आहे.

तो : दिसली.

ती : दिसली म्हणे. डोळे बारीक करून बघतोयस. चष्मा कुठाय?

तो : राहिला घरी.

ती : जुना असेल या कप्प्यात. थांब. हा घे.

तो : पुसलास?

ती : पुसलाय. घाल.

बाई : हे बघा, हेच बघायचं होतं मला! मेकॅनिकला हे कुठून दिसणार? कोणाची नजर लागू नये बाई.

तो : इथून वळवून आणू ना? पुढे रस्ता खराब आहे.

बाई : मग खराब रस्त्यावरच न्या. गाडी तिथंच कळते.

तो : बरं.

बाई : अगंबाई! स्पीडब्रेकर आला गेला, कळलंसुद्धा नाही. आणि तो खड्डा किती लांबून चुकवलात! मागचे हॉर्न वाजवून दमले, पण तुमचं आपलं सावकाश. काय हो, पोटुशी बाई बसवलीय की काय गाडीत?

तो : ...सवय लागलीय.

बाई : ही सवय लागलेली बरी असते. मुलं किती तुम्हाला?

ती : नाहीत.

बाई : होतील हो. अजून वय काय तुमचं...

ती : नाही होणार, काकू. गाडी जरा बाजूला घे रे. त्या झाडाखाली.

बाई : मी... मी ह्यांना एक फोन करून येते. वाट बघत असतील. तुम्ही बसा. सावकाश बसा.

(बाई उतरून थोड्या अंतरावर जातात. गाडी सुरूच आहे.)

तो : त्यांना काय माहीत.

ती : त्यांचं काही चुकलं नाही. मी तुझ्याबद्दल बोलतेय. कॉलेजात शिकवणारे ते गृहस्थ गाडी बघायला आले होते, त्यांनी मला नंतर फोन केला. म्हणाले, तुमच्या मिस्टरांनी सांगितलं, इंजिन उघडलेलं आहे. इंजिन कधी उघडलं रे?

तो : सोड ना.

ती : त्यांच्या आधी ते नवीन लग्न झालेलं जोडपं. त्यांना सांगितलंस, गाडी पावसात बुडाली होती. म्हणून आज मी स्वतः आले. का करतोस असं?

तो : तुला माहीत आहे.

ती : माहीत आहे. तरी तुझ्या तोंडून ऐकायचंय.

तो : भांडी वाटून झाली. घरमालकांना सांगून झालं. पुस्तकं तू घेतलीस, कपाट मी घेतलं. आता दोघांचं असं एवढंच उरलंय. गाडी तुझ्या नावावर आहे, तुझी सही लागते, म्हणून तुझा फोन येतो. गिऱ्हाईक आलं का, काय म्हणालं, एवढं तरी बोलतेस. ही गेली की कशासाठी बोलशील?

ती : नाही बोलणार.

तो : बघ.

ती : काय बघ? दर वेळी मी मनाची तयारी करते. आज गाडी जाईल, आज सही करायची, आज संपेल. रात्रभर स्वतःला समजावते. आणि तू हसत हसत माणसांना पळवून लावतोस. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. तुझा खेळ होतो रे, माझा जीव जातो.

तो : खेळ नाही हा. मी अजून हळूच चालवतो, कळलं? तू नसतेस शेजारी तरी. परवा मागच्या टेम्पोवाल्याने खाली उतरून शिव्या दिल्या मला. पाय दाबलाच जात नाही.

ती : तेच तर. एकेक खड्डा चुकवलास माझ्यासाठी. दवाखान्यातून मी खाली यायच्या आत गाडी गार करून ठेवायचास. सीट मागे करून ठेवायचास, उशी लावायचास. आणि वर मात्र एकदाही आला नाहीस.

तो : माझा जीव घुसमटायचा तिथं.

ती : माझा नव्हता घुसमटत? तिथं प्रत्येकीच्या शेजारी कोणी ना कोणी असायचं. मी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवायचे. कोणी विचारलं, इथं बसू का, तर म्हणायचे, माणूस येतोय.

तो : कधी सांगितलं नाहीस.

ती : सांगून आणायचं? शेवटच्या वेळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थांबा, शरीराला किती छळाल. एकटीने ऐकलं मी ते. एकटी जिना उतरले. कठडा धरून. गाडीत येऊन बसले, आणि तू काय म्हणालास?

तो : ...एसी वाढवू का.

ती : एसी वाढवू का.

तो : तुझा चेहरा बघितला आणि सगळं कळलं मला. काय बोलावं सुचेना. तोंडाला येईल ते बोललो.

ती : मलाही कळलं होतं, की तुला कळलंय. म्हणून तर मी घरी येईपर्यंत वाट बघितली. मग दुसऱ्या दिवशी. मग महिनाभर. तू गाडी धुवायचास.

तो : मी आता येईन वर. कुठेही येईन. कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही...

ती : आता कुठल्या दवाखान्यात जायचंय? झालं ते सगळं.

तो : तुझा राग जाईपर्यंत थांबतो मी.

ती : राग केव्हाच गेला. प्रेम आटलं असतं तरी सोपं होतं. ते आहे, मेलं. आत्ता चष्मा शोधायला हात आपोआप गेला माझा. पण दम संपलाय. तुझ्या शेजारी बसले की मी पुन्हा त्या जिन्यावर उभी असते.

तो : आणि तिकडे नव्या गावात कोण आहे तुझं?

ती : कोणी नाही. म्हणूनच चाललेय.

तो : मी बदललो तर?

ती : बदलशील. चांगला माणूस आहेस तू. पण ते बघायला मी थांबू शकत नाही रे. मला जाऊ दे ना. भांडून नाही, तू जाऊ दिलंस म्हणून जायचंय मला.

तो : काकू येतायत.

बाई : येऊ का?... माझ्या बाजूची काच खालीच राहिली होती. मी मुद्दाम ऐकत नव्हते, पण कान काही कोणी काढून ठेवत नाही. मघाशी ते पोटुशी म्हणाले. जीभ झडो माझी.

ती : असं नका म्हणू, काकू. तुम्हाला काय माहीत.

बाई : ह्यांना मी सांगितलं, गाडी छान आहे, पण मन होत नाही. दोन माणसांमध्ये एक धागा उरलाय, तो मी कसा विकत घेऊ? ह्यांचे गुडघे थांबतील आणखी थोडे दिवस.

तो : बघ. त्यासुद्धा म्हणतायत.

ती : काकू, हात जोडते तुमच्यापुढे. घ्या हो. तुम्ही नाही म्हणालात तर तुमच्यानंतर आणखी कोणी येईल, मग आणखी कोणी. दर वेळी मला हे नाही सोसत आता.

बाई : तुझं कळलं, बाळा. पण गाडी दोघांची आहे. अहो, तुम्ही बोला. मी तुमच्यावर सोडते. तुम्ही नको म्हणालात तर मी इथून चालत जाईन, वाईट वाटून घेणार नाही. पण खरं बोला. घेऊ की नको?

तो : मी काय सांगू.

बाई : एवढा वेळ तर बोलतच होतात.

ती : काकू, त्याला...

बाई : तू थांब. त्यांना बोलू दे.

तो : ...गिअर लोण्यासारखा पडतो, काकू.

बाई : हं.

तो : दार वाजत नाही. इंजिन कोणी उघडलेलं नाही. पावसात कधी बुडालेली नाही. शोरूममध्ये ही म्हणाली होती, यात मागे बाळाची खुर्ची नीट बसेल. म्हणून घेतली. खुर्ची आणली नाही कधी. बाकी सगळं नीट आहे. फार जपलीय मी.

बाई : ते दिसलं मला.

तो : घ्या. घ्या तुम्ही.

ती : नक्की?

तो : अगं, हो म्हटलं ना. पुन्हा नको विचारूस.

ती : रडू नकोस.

तो : नाही रडत. चष्म्याचा नंबर बदललाय, पाणी येतं. तू सही कर.

ती : पेन?

बाई : हे घ्या माझं. इथं, आणि मागच्या पानावर.

तो : लग्नात केली होतीस तशीच सही करतेस अजून. शेवटचं अक्षर ओळीच्या बाहेर.

ती : बोलू नको ना रे. सही चुकेल.

बाई : ह्यांना मेसेज टाकला मी, पैसे पाठवले म्हणतायत. बघा तुमच्या फोनवर.

तो : आले.

ती : झालं मग.

तो : झालं. किल्ली घ्या, काकू. एकच सांगतो. कडक उन्हात ते बसायच्या आधी गाडी गार करा, पण उतरून त्यांना आणायला घरात जा. हात धरून आणा. गाडी आपोआप गार होते, तिच्याजवळ थांबावं लागत नाही.

बाई : जाईन हो. रोज जाईन. आता दोघंही बसा गाडीत. इथून दुसरं काही मिळणार नाही तुम्हाला, मी सोडते. तू पुढे बस, बाळा.

ती : मी मागे बसते. त्याला बसू दे पुढे.

तो : नाही. तू बस पुढे. मागे कसं वाटतं, ते मी कधी बघितलंच नाही.

बाई : पट्टा लाव. बसलात नीट? आता सांगा, आधी कोणाला सोडू?

ती : तुमच्या रस्त्यावर आधी माझं येतं, काकू. बहिणीकडे उतरते मी, पाण्याच्या टाकीजवळ.

तो : नको. वळसा पडला तरी चालेल, काकू, पण आधी मला सोडा. ती उतरल्यावर मला या गाडीत बसवणार नाही.