वरून दिसलेली श्रीमंती

नाही, तुम्हीच सांगा, मी कुठल्या बाजूनं श्रीमंत दिसतो? समोरून बघा, मागून बघा... बुटाचा तळ बघा, म्हणजे असला तर बघा! पण मी श्रीमंत आहे. कारण मला समोरून कुणी बघितलंच नाही, थेट वरून बघितलं. उपग्रहातून!

तुम्हाला सांगतो, गेल्या हिवाळ्यात बर्फानं आमच्या या मंगोलियाच्या माळावरची निम्मी जनावरं नेली. माझी मेंढरं तर आता एकेकीला नावानं हाक मारता येईल इतकीच उरलीत. सरकारनं ठरवलं, गरीब मेंढपाळांना हिवाळ्यासाठी फुकट गवत द्यायचं. उत्तम! पण गरीब कोण? एका गेरपासून दुसऱ्या गेरपर्यंत, म्हणजे एका तंबूपासून दुसऱ्या तंबूपर्यंत, जाताना घोडा दमतो, तिथे साहेब कशाला येतोय? म्हणून वरून फोटो काढायचा, दारातल्या गाड्या, तंबू, जनावरं मोजायची, की झालं. कचेरीत नोमिन नावाची पोरगी आहे, कालपरवापर्यंत आमच्याकडे सुकं दही चघळत बसायची, ती मला म्हणते, "काका, उपग्रह चुकत नाही. वरून सगळं दिसतं."

दिसतं ना! पण दिसलं कधी? नातवाच्या जावळाच्या दिवशी! आता जावळ म्हटल्यावर प्रत्येक पाहुण्यानं पोराची एकेक बट कापायची, मग वगळणार कुणाला? बायकोनं अख्खं खोरं बोलावलं. जीपा आल्या, मोटारसायकली आल्या, लांबचे लोक राहायला आपापलं गेर घेऊन आले, घोड्यांचं तर विचारूच नका, आणि नेमका त्याच दुपारी वरून... खट्ट! नोमिननं फोटो दाखवला. मी म्हटलं, अगं, ही जीप माझ्या मेहुण्याची, बादरचची, आणि शेजारचा हा लांबोळका ठिपका म्हणजे खुद्द बादरच, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा आयराग जास्त झाल्यामुळं आडवा. ती म्हणते, जीप तुमच्या दारात आहे ना, मग तुमची. म्हणजे बादरचही माझ्याच नावावर चढवला की काय?

हरकत घेतली. शुक्रवारी पुन्हा अख्ख्या खोऱ्याचा फोटो ठरला. बायकोला बजावलं, कुठे बोलू नकोस, गुपचूप गरीब दिसायचंय. तिनं फक्त भावाला सांगितलं. फक्त भावाला! शुक्रवारी उजाडताच बादरच जीप घेऊन हजर. "दाजी, गरीब दिसायला तुम्ही एकटे कसे पुरणार?" त्याच्यामागे त्याचा सासरा, सासऱ्यामागे सगळं खोरं! कुणी माझी मोटारसायकल झाकतोय, कुणी मेंढरं हाकतोय, मदतीला आलेल्यांना उपाशी कसं धाडायचं म्हणून बायकोनं मोदकासारखे मटणाचे बूज वाफवायला घातलेत, मी ओरडतोय की अरे, आधी तुमच्या गाड्या हलवा, आणि बादरच मधोमध उभा राहून आभाळाला हात करतोय. आभाळात ढगाची चिंधी नाही. वरून सगळं दिसतं...

निकाल लागला. मी आधीपेक्षा श्रीमंत! आणि पुढचं ऐका. सगळी मंडळी माझ्याकडे, मग त्यांच्या दारात काय होतं? ना जीप, ना घोडा, ना माणूस. अख्खं खोरं गरीब! सगळ्यांना गवत. बादरच तर अतिगरीब, कारण मुक्कामाला म्हणून त्यानं आपलं गेरसुद्धा उपटून माझ्या दारात उभं केलं होतं.

हसू नका. हिवाळा तोंडावर आलेला, मेंढरं माझ्या तोंडाकडे बघतायत, आणि मी काय सांगणार त्यांना, की बायांनो, आपण श्रीमंत आहोत? खरंच रडकुंडीला आलो होतो.

आणि परवा लांबून धुरळा दिसला. बादरच! "दाजी, आम्ही सगळ्यांनी थोडंथोडं बाजूला काढलंय." जीपांच्या टपावर गवत, मोटारसायकलींवर गवत, घोड्यांवर गवत, आणि सगळं माझ्याच दारात ओततायत... गेरपेक्षा उंच ढीग! डोळे भरून आले हो. पुसायला मान वर केली, तर आभाळ निळंशार, स्वच्छ!

म्हटलं, "बादरच, तुझे उपकार कधी विसरणार नाही. पण बाबा रे, ढग येईपर्यंत तरी थांबायचं होतंस!"