ऋतुराज एक्सपर्टची चौकशी

— बसा की पावणं, उभ्यानं चौकशी करायची असती व्हय? ह्या दगडावर बसा. तिकडं नगा, तिकडं गंगी शेपूट मारती. ह्या वयात म्हशीची शेपूट तोंडावर बसली की माणूस आठवडाभर दुसरं कायबी इसरत न्हाय. हां. तर तुम्ही गारगोटीचं, तुमची तेजस्वी पुण्यात कंपनीत, आणि समोरच्या ऋतुराजचं स्थळ सांगून आलंय — हे तुम्ही आत्ता सांगितलं, पण तुम्ही गाडी लावतानाच मी वळखलं की. इस्तरीचा शर्ट, आणि बघायचं म्हशीकडं पण डोळं समोरच्या माडीवर. चौकशीला आलेला माणूस असाच बघतोय. बरं, आलायसा बी योग्य जागी. अर्धी शिवाजी पेठ संध्याकाळी ह्या कट्ट्यावर येती, म्हशीची धार सरळ ग्लासात, फेसासकट, उभ्या उभ्या पिऊन जाती. कुणाच्या घरात काय शिजतंय हे मला त्या घरातल्या बाईच्या आधी कळतंय. घ्या, ग्लास धरा. पैशाचं नाव काढू नगा, चौकशीला आलेल्याला मी फुकट पाजतो. दूध पोटात गेलं की माणूस, मी काय सांगंल त्यावर इश्वास ठेवतोय.

बायोडाट्यात काय लिवलंय म्हणालासा? परत वाचा. 'सोशल मीडिया मार्केटिंग एक्सपर्ट.' झ्याक. आता मी चौथी पास, तीबी मास्तर कट्टाळलं म्हणून — पण मला एक सांगा, ह्याला एक्सपर्ट केलं कुणी? त्यानंच. शाहूपुरीत कुठं तर एक क्लास निघालावता, तीन दिवसाचा. सोमवारी पोरगं गेलं, बुधवारी एक्सपर्ट होऊन आलं. अवो, आमच्या तालमीत तीन दिवसात पोराला लंगोट बांधाय येत न्हाय. आणि शिकवणारा कोण? तर त्याच्या आधीच्या सोमवारी शिकलेला. असं एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला एक्सपर्ट करत सुटल्यात. ह्या गल्लीतच चार हाईत. गटार तुंबलं तर काढाय माणूस मिळत न्हाय, पण गटाराची जाहिरात करायची म्हटली तर चौघं धावत येतील.

हसताय काय, पुढं ऐका. क्लास झाल्यावर ह्यो माझ्याकडं आला. म्हणाला, आण्णा, तुमचा कट्टा ब्रँड करूया. म्हटलं कर. त्यानं गंगीला गॉगल लावला. शिंगाला झेंडूची माळ, पाठीमागं हलगी, आणि वर लिवलं 'विषय हार्ड'. दहा दिवसात म्हणं गंगीमागं दहा हजार माणूस. मी बघाय मागितलं. नावं कुठली तर वाचता येत न्हाईत अशी, सगळी परदेशातली. म्हटलं लेका, ही माणसं ग्लासभर दूध प्यायला इमानात बसून येणार हाईत काय? तर मला म्हणतोय, आण्णा, तुमाला रीच कळत न्हाय. आता मला कळत न्हाय म्हटल्यावर मी गप बसीन व्हय? नाद केला की, त्याची जिरवायचीच ठरवली.

त्याच टायमाला गंगी गाभण व्हती आणि नुकतीच आटलीवती. म्हंजे धार बंद. माझी एकच म्हस, ती आटली की कट्टा बंद, दोन म्हैनं मी तालमीत पत्तं कुटत बसायचो. मी ऋतुराजला म्हटलं, बाबा, तू म्हैनाभर जोरात चालव, मग आपण हिशेब बघू. चालवलं पठ्ठ्यानं. गंगीचं फोटू रोज — पण सगळं तोंडाकडनं, गॉगलचं. पाठीमागं वाकून कोण बघतंय? म्हैना झाला आणि ह्यो फाईल घिऊन आला. रंगीत कागद, त्यावर डोंगरासारख्या चढत गेलेल्या रेघा. कट्ट्यावर पाच-सात माणसं बसलीवती, सगळ्यांना मी आधीच सांगून ठेवलंवतं की कुणी दात काढायचं न्हाईत. ह्यो उभा ऱ्हाऊन वाचतोय — 'आण्णांच्या दुधाची विक्री ह्या म्हैन्यात दीडपट झाली.' मी म्हटलं, लई उपकार झालं, आता जरा गंगीची कास बघून ये.

समोरच्या माडीवर ऱ्हातंय वो. खिडकी उघडली की खाली कट्टा. म्हैनाभर रिकामा कट्टा त्याला दिसला न्हाय, कारण फोनातनं मान कवा वर केलीच न्हाय.

काय म्हणताय? मग काय, वाकला की. बघितलं. पेठ हसून हसून लोळली, तालमीतल्या म्हाताऱ्या विजयसिंहाची तर कवळी पडली. मला वाटलं, आता हे रागानं फाईल फेकतंय, न्हायतर रडत आईकडं जातंय. तर न्हाय. तिथंच शेणात बसला, आणि सगळ्यांच्या वरताण हसाय लागला. मग म्हणाला, 'आण्णा, रिपोर्ट असाच करायचा असतोय असं क्लासात सांगितलंवतं. मला खरं काय येत न्हाय.' भर कट्ट्यावर, बरं का. माझ्या जन्मात मी सगळ्या पेठेला टोपी घातली, पण असं उत्तर कुणी दिलं न्हाय. लोकं फसली की चिडत्यात न्हायतर चार दिवस तोंड लपवत्यात. मलाच जरा खट्टू झाल्यागत झालं. जरा. लगीच गेलं ते.

तवापासनं रोज संध्याकाळी येतोय. गंगी व्याली तवा रातभर— न्हाय, ते ऱ्हाऊ दे. धार काढाय शिकला. गिऱ्हाईकांशी बोलतोय. परवा त्या कृष्णातच्या भेळंच्या गाडीचं काम मिळालं, तर आधी चार दिवस गाडीमागं उभा ऱ्हाऊन कांदा चिरला, मगच फोन बाहेर काढला. एक्सपर्ट तो बायोडाट्यात त्याच्या आईनं घातलाय, लगनाच्या बाजारात जरा वजन पडावं म्हणून. मागल्या दोन पावण्यांना मी एवढं सांगत बी बसलो न्हवतो, त्यांना म्हटलं पोरगं झोपंत चालतंय आणि—

काय न्हाय. तुम्ही दूध प्या.

अवो गंमत. गंमत केली जरा. एकाला झोपंत चालतंय म्हटलं, दुसऱ्याला म्हटलं म्हशीशी बोलतंय, बाकी काय न्हाय. त्यांनी गाडी वळवली, त्याला मी काय करू? का म्हंजे? असं रोखून काय बघताय? आता एक पोरगी मुंबईची, एक बंगलोरची, आणि तुमची पुण्याची. लगीन झालं की ह्यो गेलाच की तिकडं. पुण्यात फ्लॅटात म्हस बांधत्यात व्हय? माझी म्हातारी गेली, पोरगा दुबईत. संध्याकाळी ह्यो येतोय, मला खुळ्यात काढतोय, मी त्याला काढतो. आता ह्या वयात मी नवा गडी कुठं शोधू, ज्याची चेष्टा केली तर तो हसतोय? सगळे आधीच चिडून बसल्यात.

म्हंजे असं काय न्हाय. दुधाच्या नशेत बोललो.

तुम्ही काय हसताय, पावणं? आँ? पोरगं पसंत पडलं वाटतं.

थांबा, थांबा. आलाच बघा तो, बादली घिऊन. — ये रं. हे पावणं, गारगोटीचं. न्हाय, दूध प्यायला न्हाय आल्यात, तुला बघाय आल्यात. लाजतोयस काय, तुझी सगळी कुंडली सांगून झाली, गॉगलपासनं. ती बादली हिकडं दे. दे म्हणतोय न्हवं. पाय धू, ह्यांना घरी घिऊन जा, आईला चहा टाकाय सांग. धारंचं मी बघतो. आजच्यागत उद्याबी मीच बघतो, मला काय हात न्हाईत?

जावा पावणं. समोरचाच जिना. आणि बिगी बिगी जावा, माझं मन फिरायच्या आत.